‘सावधान’ कोणी ऐकायचे?



गेल्या श्रावणात अंबड तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात सेवेचा योग आला. पाचव्या दिवशी हरिपाठ आटोपला, माळकरी मंडळी पंगतीकडे वळली, आणि मी पारावर टेकलो असता एक मुलगी जवळ आली. दहावीत शिकणारी, गळ्यात तुळशीची माळ, बरोबर आजी. मुलगी पाया पडली आणि तशीच उभी राहिली. आजी म्हणाली, “विचार की गं, महाराज काही खात नाहीत तुला.” तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “महाराज, आईबापाचं न ऐकणं पाप आहे ना?”

“आहे,” मी सवयीने बोलून गेलो.

“मग मला आतून जे ‘नको’ म्हणतं, ते कोण?”

हकिकत अशी की मुलीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. तुळशीचे लग्न झाले की मुलीचे लग्न उरकायचे असे ठरले होते. वर तोडणीचाच. मुलीला पंधरावे सरले होते. तिने आईजवळ ‘नको’ म्हटले. आई रडली, बाप बोलेनासा झाला, भावकीतल्या बायका म्हणाल्या, पोर शाळेत जाऊन बिघडली. आणि ही पोर रोज हरिपाठ म्हणणारी! बिघडले ते आपलेच मन की काय, या भयाने ती व्याकूळ झाली होती.

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. “पांडुरंगाला विचार, बाळ,” असे काहीतरी म्हणालो. त्या रात्री कीर्तनाला उभा राहिलो खरा, पण चित्त ठिकाणावर नव्हते. त्या मुलीला पारावरच द्यायला हवे होते ते उत्तर आज या पाठात मांडतो आहे. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. लोकांची रीत एक सांगते आणि आतला आवाज दुसरे सांगतो, अशा पेचात पुष्कळ मुलेमुली सापडतात, आणि ती बहुधा कोणाला विचारीतही नाहीत.

पूर्वपक्ष : पुंडलिकाचे काय?

प्रथम आक्षेप जोरदार मांडू, म्हणजे उत्तर लेचेपेचे होणार नाही. आपला संप्रदायच मुळी मातृपितृसेवेवर उभा आहे. भक्त पुंडलिक आईबापांचे पाय चुरीत होता म्हणून प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबावे लागले. ज्या पंथाचा देवच आईबापांच्या सेवेपुढे ताटकळला, त्या पंथाच्या लेकराने आईबापांना ‘नाही’ म्हणावे काय?

आक्षेप रास्त आहे. परंतु नीट पाहावे. पुंडलिकाने जे केले त्याचे नाव सेवा. आईबाप थकले तर पाय चुरावे, आजारी पडले तर उशाशी बसावे, ही सेवा. ते सांगतील ती प्रत्येक गोष्ट, मग ती बरी असो वा वाईट, मुकाट मान्य करावी, असे पुंडलिकाच्या कथेत कोठेही नाही. सेवा करणे वेगळे आणि चुकीला होकार देणे वेगळे. त्या मुलीने आईची भांडी घासायचे नाकारले नव्हते, धाकट्या भावंडांना सांभाळायचे नाकारले नव्हते. तिने नाकारले ते एवढेच की वय होण्यापूर्वी माझा संसार मांडू नका. आपण मोठी माणसे हे दोन्ही एकात घालतो आणि लेकराच्या माथी पुंडलिकाची गोष्ट मारतो.

आता या पेचात पूर्वी कोण सापडले आणि त्यांनी काय केले, ते पाहू.

जांबेचा नारायण

आपल्या जालना जिल्ह्यात, आजच्या घनसावंगी तालुक्यात, जांब नावाचे गाव आहे. लोक त्याला जांब समर्थ म्हणतात. शके १५३० मध्ये, म्हणजे इसवी सन १६०८ साली, रामनवमीला तेथे सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायण जन्मला. हेच पुढे समर्थ रामदास. समर्थांचा मार्ग आपल्याहून निराळा, हे मी जाणतो. परंतु गोष्ट आपल्याच मातीतली आहे.

वडील लवकर वारले. घरी माता राणूबाई आणि थोरले बंधू गंगाधरपंत. नारायण लग्नाचे नाव काढले की बिथरे. शेवटी आईने त्याच्याकडून वचन घेतले की अंतरपाट धरीपर्यंत ‘नाही’ म्हणायचे नाही. मुलगा बारा वर्षांचा. जांबेजवळ आसनगावी लग्न उभे राहिले, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकांत ‘सावधान’ हा शब्द आला, आणि वचनाची मुदत संपली असे जाणून नारायण मांडवातून निघून गेला. पुढे नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षे तप, आणि मग बारा वर्षे तीर्थाटन, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

तो शब्द त्या मांडवात सगळ्यांनीच ऐकला होता. भटजींनी उच्चारला, वऱ्हाडाने ऐकला, अक्षता टाकल्या. आपणही शेकडो लग्नांत ऐकतो. ‘सावध राहा’ असे सांगणारा शब्द कानी पडताच आपला हात अक्षतांकडे जातो आणि डोळा पंगतीकडे. बारा वर्षांच्या एका पोराने त्याचा अर्थ ऐकला.

येथे कोणी म्हणेल, “म्हणजे मुलांनी मांडवातून पळावे, असे का तुम्ही सांगता?” नाही. वारकरी घरदार टाकून जात नाही. नाथमहाराजांनी पैठणला संसारात राहून परमार्थ केला, तोच आपला पाठ. आणि या कथेत एक जागा मला नेहमी टोचते, तीही सांगितली पाहिजे. अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. तिने काय ऐकले? तिला कोणी विचारले होते काय? कीर्तनात आम्ही नारायणाचे वैराग्य रंगवून सांगतो आणि अंतरपाटाच्या त्या बाजूला जातच नाही. वर मांडव सोडून निघाला तर लोक पुढे त्याला समर्थ म्हणाले. वधू निघाली असती तर त्याच लोकांनी तिला काय म्हटले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरी एक गोष्ट मात्र नारायणाच्या पदरी घातली पाहिजे. त्याने आईला दिलेले वचन अक्षरशः पाळले, आणि आईला टाकले नाही. चोवीस वर्षांनी तो जांबेस परत आला तेव्हा आईची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. त्याने आईचे पाय धरले. रीत मोडली, पण आईशी नाते मोडले नाही.

जिला पळता आले नाही

नारायण पळाला; मुलगा होता, पळू शकला. जिला पळता येत नाही तिने काय करावे? यासाठी आपल्या संप्रदायातली, आपल्या मराठवाड्यातलीच एक साक्ष काढू. संत बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावी इसवी सन १६२८ मध्ये जन्म. तिसऱ्या वर्षी लग्न झाले, आणि नवरा तीस वर्षांचा, बिजवर. हे दुसऱ्या कोणी रचलेले नाही. बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवून ठेवले आहे.

कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरास गेले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबारायांचे अभंग या मुलीच्या कानी पडले. वय अकरा-बारा. मनाने तुकोबांना गुरू केले. झाले, घरात आग पेटली. नवरा वैदिक ब्राह्मण. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, ही गोष्ट त्या काळच्या रीतीत बसणारी नव्हती. तिला मार बसला. नवरा घर सोडून जायला निघाला.

बहिणाबाई काय करतात? त्या पतीची सेवा सोडीत नाहीत आणि तुकोबांनाही सोडीत नाहीत. मार खातात, पण आतले खरे खोटे आहे असे म्हणत नाहीत. पुढे पती आजारी पडला, त्याचे मन पालटले, आणि ते सारे कुटुंब देहूस तुकोबांच्या दर्शनाला गेले. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे आज बहिणाबाईंची समाधी आहे.

पण सावध! ही गोष्ट ऐकून कोणी सासुरवाशिणीला म्हणू नये की “बघ, बहिणाबाईने मार सोसला, तूही सोस.” बहिणाबाई मोठ्या झाल्या त्या मारामुळे नव्हे, मार बसत असतानाही त्यांनी आपल्या अंतरीचा साक्षीदार विकला नाही, यामुळे. तो मार ही त्या घराची आणि त्या रीतीची लाज आहे. संताने दुःख सोसले म्हणून दुःख देणारा पुण्यवान ठरत नाही.

ताटी

तिसरी साक्ष मुक्ताईची. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसार केला, म्हणून समाजाने चार लेकरांना वाळीत टाकले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी लेकरांची सुटका झाली नाही. चौघे भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली. लक्षात घ्या, अन्याय त्यांच्यावर झाला होता आणि दारात जाऊन विचारणारीही तीच होती. वयाने किती? ज्ञानदेवांनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा. त्या ऊसतोड्याच्या मुलीएवढेच.

अशा या ज्ञानदेवांचे मनही एकदा लोकांच्या बोलण्याने विटले. त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. ते ताटीचे अभंग आपण सारे म्हणतो. मुक्ताई लोकांची बाजू घेत नाही. लोक चुकले हे तिलाही ठाऊक आहे. पण लोक चुकले म्हणून तू दार लावून बसू नकोस, एवढेच तिचे म्हणणे.

मला वाटते, तरुण माणसाला सांगण्यासारखे यापेक्षा अधिक काही नाही. रीत चुकीची असेल तर ‘नाही’ म्हण. पण ताटी लावू नकोस. आईबापांशी बोलणे तोडू नकोस, द्वेष धरू नकोस, आणि एकट्याने कोंडूनही घेऊ नकोस. कित्येक पोरे आतल्या आत कुढतात आणि नको ते करून बसतात. मुक्ताई दाराशी उभी आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आणि घरात मुक्ताई नसेल तर शेजारच्या माळकऱ्याने मुक्ताई व्हावे.

आतला आवाज ओळखावा कसा?

आता कोणी शहाणा विचारील, “मनाला वाटते ते सगळेच देवाचे काय? उद्या पोर म्हणेल, मला शाळा नको, मला काम नको, माझे मन सांगते.” बरोबर. मन मोठे लबाड आहे. म्हणून ओळख सांगतो.

पहिली ओळख, भार कोणावर पडतो ते पाहावे. लहर असेल तर तिचे मोल दुसऱ्याला द्यावे लागते. मी मजा करीन, बाप कर्ज काढील. सदसद्विवेकबुद्धी असेल तर माणूस स्वतः सोसायला तयार असतो. ती मुलगी म्हणत होती, “मी आजीजवळ राहीन, रोजंदारीला जाईन, पण परीक्षा देऊ द्या.”

दुसरी ओळख, तो आवाज टिकतो काय? राग आला की एक आणि राग उतरला की दुसरे, तो आवाज नव्हे, नुसता वारा. काकड्याच्या वेळी, मन निवांत असता, महिनाभर तेच उत्तर येत असेल तर ते मानावे.

आणि तिसरी ओळख वर सांगितलीच, ताटी उघडी राहते काय? ज्या ‘नाही’मध्ये ‘तुम्ही माझेच आहात’ हे शिल्लक राहते, ते ‘नाही’ अंतरीच्या विठ्ठलाचे समजावे.

आता मोठ्यांसाठी

लेकरांना पाठ देऊन आम्ही मोकळे झालो तर तो दांभिकपणा होईल. जो शब्द पोरांच्या कानात शिरतो तो आपल्या का शिरत नाही?

एक जुनी गोष्ट कबूल करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका लग्नात आग्रह झाला म्हणून मी मंगलाष्टके म्हटली. नवरीचे वय मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकलो असतो. पण शालू तिला सावरत नव्हता, हे डोळ्यांना दिसत होते. ‘सावधान’ माझ्याच तोंडून निघाले आणि माझ्याच कानांत शिरले नाही. दोन वर्षांनी ती पोर वारीच्या वाटेवर भेटली. कडेवर मूल, अंगात रक्त नाही. ती पाया पडायला वाकली तेव्हा माझे पाय मागे घ्यावेसे वाटले.

आपण म्हणतो, रीतच तशी आहे. पण रीत म्हणजे धर्म नव्हे. पंढरीच्या देवळात हरिजनांना प्रवेश नाही, हीही रीतच होती. चोखोबांना महाद्वाराबाहेर राहावे लागले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि दार उघडले. देव काही विटेवरून उतरून गेला नाही. लग्नाच्या वयाचेही तसेच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ ठरवले तेव्हा धर्म बुडाला अशी ओरड झाली. १९७८ पासून मुलीला १८ आणि मुलाला २१ ही अट आहे. २००६ च्या कायद्याने तर असे लग्न ठरवणारा, लावणारा, त्याला हजर राहून हातभार लावणारा, सारेच दोषी. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मंगलाष्टके म्हणणारा महाराजही त्यात आला. लहानपणी लग्न लावलेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयाकडून ते लग्न रद्द करून घेता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. गावचा ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तोच गावापुरता बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. आणि १०९८ या क्रमांकावर लेकराला स्वतः फोन करता येतो.

पण नुसता कायदा सांगून भागत नाही. सप्ताहाच्या सहाव्या दिवशी मी त्या मुलीच्या बापाकडे गेलो. त्याने पाट मांडला, चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, “महाराज, तुमचं बरंय. आम्ही सहा महिने उसाच्या फडात. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? काही वाईटवंगाळ झालं तर तुम्ही येणार का?”

मी गप्प झालो. हा मनुष्य दुष्ट नव्हता. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम कोयत्यामागे उचल देतो. एकट्या गड्याचा अर्धा कोयता. म्हणून मुलाकडच्यांनाही सून हवी असते ती हंगामापूर्वी. इकडे मुलीचा बाप भयाने पोर उजवून टाकतो. भीती, कर्ज आणि दुष्काळ यांनी मिळून ही रीत चालवली आहे, आणि आपण तिला धर्माचा शेला पांघरतो.

म्हणून मी त्याला उपदेश केला नाही. मी विचारले, “पोरीची सोय झाली तर थांबशील?” गावच्या भजनी मंडळातल्या दोन बाया पुढे आल्या. आजी तर होतीच. रोज रात्री मुलीने आणि आजीने त्यांच्यापैकी एकीकडे निजायला जावे, असे ठरले. बीड, अहिल्यानगर, जालना अशा ऊसतोडीच्या जिल्ह्यांतल्या मुलांसाठी सरकारने २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली आहे; तिचीही चौकशी मास्तरांनी केली. भगवानबाबा आपल्याच वारकरी परंपरेतले. त्यांचे नाव जेथे लागले आहे ते दार ठोठवायला आपल्याला संकोच नसावा.

बाप बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “परीक्षेपर्यंत थांबतो. पुढचं पांडुरंग जाणे.”

‘थांबतो’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे मला कळते. मुलगी परीक्षेला बसली. आता पुन्हा बोलणी निघतील, भावकी पुन्हा कुजबुजेल. तिला अठरावे लागायला अजून दोन वर्षे आहेत, आणि ती दोन वर्षे तिच्या एकटीच्या धैर्यावर सोपवली तर ती आपलीच चूक होईल.

बाळ, तू हा अंक वाचत असशील तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो आहे. आईबापांची सेवा न करणे पाप आहे. त्यांच्या भीतीला होकार न देणे पाप नाही. आतून जे ‘नको’ म्हणते ते कोण, असे तू विचारलेस. जांबेच्या नारायणाला, देवगावच्या बहिणाबाईंना ज्याने सावध केले, तोच तो.

आणि माळकरी हो, दर साल ज्येष्ठात मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघून देऊळगाव राजा, जालना, अंबड या वाटेने बीडकडे जाते. आपण रांगोळ्या घालतो, पायघड्या घालतो, त्या धाकट्या बहिणीपुढे मोठमोठी माणसे लोटांगण घेतात. यंदा पालखी पुढे गेली की घरी जाऊन आपल्या घरातल्या, गल्लीतल्या मुलीला एकदा विचारा, “तुला काय वाटतं गं?” आणि ती सांगेपर्यंत थांबा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!